टेलरकाकांची मिरची

"बाबा, त्या डाव्या पेटीला हात लावायचा नाही. पाणीसुद्धा मीच मोजून घालणार," मुलीने बजावलं आणि टेलरकाकांनी मान डोलावली. मान डोलावणं हा त्यांचा जुना सराव. दुकान होतं तेव्हा गिऱ्हाईक "परवा नक्की ना?" म्हणायचं, तेव्हाही ते अशीच डोलावायचे.

मुलगी विद्यापीठात मातीचा अभ्यास करत होती. तिथल्या हरितगृहाचं छप्पर दुरुस्तीला काढलं, म्हणून तिने दोन लांबट पेट्या घरच्या बाल्कनीत आणून ठेवल्या होत्या. दोन्हींत तीच खारट माती, तेच मिरचीचं बी. उजवीत तिने बनवलेली कोळशाची भुकटी मिसळलेली, डावीत काहीच नाही. परदेशात मातीच्या अभ्यासकांची मोठी परिषद भरणार होती आणि तिला तिथे हे काम मांडायचं होतं. जाण्यायेण्याचा खर्च विद्यापीठ देणार होतं, पण विभागातून एकालाच, आणि तेही समितीने व्हिडिओ कॉलवर काम बघून पसंत केलं तर. खिशातून जाणं बापलेकीच्या आवाक्यातलं नव्हतं.

उजवी पेटी हिरवी झाली. डावीत काही म्हणजे काही उगवलं नाही.

काका रोज सकाळी बाल्कनीतल्या कुंड्यांना पाणी घालत. कुंड्या बायकोच्या. ती होती तोवर त्यांनी एका पानाला हात लावला नव्हता. ती गेल्यावर शिकले, आणि आता कुंड्यांशी चार शब्द बोलतही असत. शेजारच्या बोडक्या पेटीकडे पाहून त्यांचा जीव तुटायचा. पोरीचा अर्धा प्रयोग फसलाय आणि बिचारी मनातल्या मनात कुढतेय, असं त्यांनी ठरवून टाकलं.

समितीच्या कॉलच्या दिवशी सकाळी ती दार लावून भाषणाची तयारी करत बसली. काका गुपचूप नर्सरीत जाऊन आले.

"आणि ही डावी पेटी," लॅपटॉप बाल्कनीकडे वळवत मुलगी समितीला सांगू लागली. तिची नजर पडद्यावर होती. "इथे भुकटी घातलेली नाही. त्यामुळे एकही रोप उगवलं नाही."

"एकही?" समितीच्या अध्यक्षबाईंनी चष्मा वर सरकवला. "मला तर चांगली सहा दिसतायत."

"बी विखरून टाकलं होतं म्हणालात ना?" दुसऱ्या सदस्यांनी विचारलं. "हे तर शर्टाच्या बटणांसारखं उगवलंय."

मुलीने मान वळवली. सहा तरतरीत रोपं, सुतात सरळ, एकसारख्या अंतरावर. आणि दाराआड काका, गळ्यात टेप.

"बाबा!"

"अगं, मोकळी दिसत होती. चार मोठ्या माणसांपुढे बरं दिसतं का?"

"मोकळीच दाखवायची होती! काही घातलं नाही तर काही उगवत नाही, हेच तर सांगायचं होतं!"

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. पडद्यावर कोणीतरी खोकल्याचं निमित्त करून हसलं.

"वडील का?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"हो मॅडम." मुलीचा आवाज रडवेला झाला. "पेटी बाद झाली माझी."

"बाद कशाला? त्या मातीत बी रुजत नाही म्हणता, तर तयार रोपंही तगायला नकोत. उजव्या पेटीतही अशीच सहा लावा. पाणी सारखं घाला. आठ दिवसांनी पुन्हा बघू. डावीकडची मेली आणि उजवीकडची जगली, तर तुमचं म्हणणं खरं."

"आणि डावीकडची जगली तर?" काकांनी दाराआडूनच विचारलं.

"तर मग पैसे दुसऱ्या विद्यार्थ्याला."

आता काकांची खरी परीक्षा सुरू झाली. नर्सरीतून त्यांनी निवडून निवडून दणकट रोपं आणली होती, तिथेच घात झाला. पहिले काही दिवस दोन्हीकडच्या मिरच्या नव्या नवरीसारख्या टवटवीत. मुलगी जेवता जेवता उठून बघून यायची आणि तोंड पाडून परत यायची. काकांना घास गोड लागेना.

मग डावीकडचं एक पान पिवळं पडलं. काकांना इतका आनंद झाला की त्यांनी मुलीला झोपेतून उठवलं. त्यानंतर एकेक मिरची मान टाकत गेली. एक तेवढी हटेना. आठव्या दिवशी सकाळी, मुलगी अंघोळीला गेलेली पाहून काका त्या मिरचीसमोर उकिडवे बसले.

"मर की एकदाची!" ते ओरडले. "बाकीच्या शहाण्यासारख्या गेल्या. तूच कशाला राहिलीस माझ्या पोरीच्या वाटेत?"

दाराची बेल खणखणली. रात्रपाळी करून आलेल्या शेजारच्या नर्सबाई उभ्या होत्या.

"काका, शोभतं का हे या वयात? कोणाला मर म्हणताय?"

"मिरचीला."

नर्सबाईंनी आधी त्यांच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला, मग नाडी. "पोरीला माहितीये का हे?"

"तिच्यासाठीच तर चाललंय!"

नर्सबाई आणखीच घाबरल्या आणि अंघोळ आटपून आलेल्या मुलीने सगळं सांगेपर्यंत दारातून हलल्या नाहीत. मग तिघंही बाल्कनीत जाऊन बघून आली; मिरची अजून उभीच होती. दुपारच्या उन्हाने त्या शेवटच्या मिरचीचंही कंबरडं मोडलं. उजवीकडच्या सहाही जणी ताठ उभ्या होत्या. संध्याकाळच्या कॉलवर अध्यक्षबाईंनी दोन्ही पेट्या जवळून बघितल्या आणि म्हणाल्या, "तयारीला लागा. पासपोर्ट आहे ना?"

मुलीचं विमान उडालं त्याच्या दुसऱ्या दिवशी काका नर्सरीत गेले.

"काय काका, मिरच्या काय म्हणतात?" नर्सरीवाल्याने विचारलं.

"सहा मेल्या."

नर्सरीवाला ओशाळला. "अरेरे! आमची रोपं अशी जात नाहीत हो. बदलून देतो."

"छे छे, तक्रार नाही! फार छान मेल्या. अगदी वेळेवर." काकांनी रांगेवरून नजर फिरवली. "आता एखादं चिवट रोप द्या. मुलगी परदेशी गेलीये, घरात बोलायला कोणीतरी हवं."

"बोलायला?"

"हो. आणि या वेळी चांगलं बोलायचं ठरवलंय. मागच्या एकीला फार टोचून बोललो."