तेल उतरेना

"रविवारी सकाळी भंगारवाला येणारेय," चहाचा कप समोर ठेवता ठेवता माईंनी जाहीर केलं. "तोवर ती मोटरसायकल स्वतःच्या इंजिनावर खोलीबाहेर आली तर राहू दे अंगणात. नाही आली तर तो घेऊन जाईल. मग माझ्याकडे तोंड पाडून बघायचं नाही."

अण्णांना ठसकाच लागला. अडचण खोलीची होती, हे त्यांनाही कबूल होतं. लेक, म्हणजे ताई, दातांची डॉक्टर. तिचा दवाखाना बाहेरच्या खोलीत थाटायचा होता. रंगाऱ्याने तीन भिंती पांढऱ्याशुभ्र करून ठेवल्या होत्या आणि चौथीला टेकून, जुन्या चादरीखाली, मोटरसायकल ठाण मांडून बसली होती. ताई कॉलेजात जायला लागली तेव्हापासून ती तिथेच होती. "पुढच्या महिन्यात काढतो बाहेर," असं अण्णा इतक्या वेळा म्हणाले होते की आता घरात कोणी मानही वर करत नसे. पण म्हणून थेट भंगारात? नवी नवरी असलेल्या माईंना मागे बसवून ज्या गाडीवर गावभर मिरवलं, ती गाडी?

त्यांनी चादर ओढली, धोतरासारखा लेंगा वर खोचला आणि सगळा जीव एकवटून किक मारली. दगडाला लाथ घातल्यासारखा पाय झणझणला. किक तसूभर हलली नाही.

"जाम!" कुंपणापलीकडून निकाल आला. शेजारचे वकील दात घासत उभे होते. वकिलांनी जन्मात सायकलपलीकडे काही चालवलं नव्हतं, पण माहिती नाही म्हणून मत द्यायचं थांबावं, असा त्यांचा स्वभाव नव्हता. "आत पिस्टन गंजून चिकटलाय, अण्णा. प्लग काढा आणि त्या भोकातून तेल ओता, अगदी काठोकाठ. तेल मुरलं की पातळी उतरेल. उतरली की समजा, सुटतंय."

"आणि नाही उतरली तर?"

"तर हात जोडा तिला," वकील म्हणाले आणि चूळ भरायला गेले.

सल्ला तसा चुकीचा नव्हता, आणि सगळा घोटाळा त्यामुळेच झाला. अण्णांनी प्लग काढला, नरसाळ्याने इंजिन ऑइल ओतलं, धूळ जाऊ नये म्हणून प्लग परत बसवला. दुसऱ्या दिवशी सकाळी प्लग काढून, टॉर्च मारून बघितलं. तेल काठोकाठ! थेंबभरही उतरलं नव्हतं. प्लग लावून किक मारली. ढिम्म.

"येईल हो वळणावर," ताई म्हणाली. "अक्कलदाढसुद्धा एका दिवसात हलत नाही."

ताईने तिच्या बारीक सुयांनी कार्ब्युरेटर साफ करून दिला. अण्णांनी टाकी धुतली, नवं पेट्रोल भरलं, चाकांत हवा भरून आणली. बाकी सगळं गुण्यागोविंदाने चाललं होतं. फक्त तेल उतरेना. बुधवारी काठोकाठ, गुरुवारी काठोकाठ, शुक्रवारी तर टॉर्च मारायचीही गरज पडली नाही, प्लग काढताच तेल बाहेर ओघळलं. अण्णांचं जेवणावरून लक्ष उडालं. भाजीत मीठ नव्हतं तेही त्यांना कळलं नाही, आणि त्या दिवशी माई पहिल्यांदा काळजीत पडल्या.

"अहो, दोन घास तरी नीट खा."

"तिच्या घशाखाली उतरत नाही, तिथे माझ्या काय उतरणार!"

शनिवारी अण्णांनी हात टेकले. कपडा घेऊन त्यांनी गाडी लख्ख पुसली, आरसे पुसले, हेडलाइट पुसला. भंगारात जायचं तरी चांगलं दिसून जावं, एवढंच आता त्यांच्या हातात होतं.

रविवारी उजाडताच फाटकाशी टेम्पो थांबला. भंगारवाला आत आला, त्याने गाडीभोवती एक फेरी मारली आणि इंजिनावर वाकून बघायला लागला.

"बाजूला हो रे बाबा," अण्णा पुढे सरसावले. "एकदा शेवटची किक मारू दे. मग ने."

प्लग आज जागेवर नाही, हे डोळे भरून आलेले असताना दिसणार कसं? अण्णांनी किक मारली. ती लोण्यात सुरी जावी तशी सरळ खाली गेली, आणि त्याच क्षणी इंजिनातून तेलाचं कारंजं उडालं. ते छताला लागलं, छतावरून भंगारवाल्याच्या डोक्यावर आलं आणि उरलंसुरलं तीन पांढऱ्याशुभ्र भिंतींनी आपसात वाटून घेतलं.

"काका," भंगारवाला तोंड पुसत म्हणाला, "इतकी वर्षं धंद्यात आहे, भंगार असं अंगावर येत नाही हो कधी."

ताई धावत आली. तिने भिंतीवरचा ओघळ बोटावर घेऊन हुंगला आणि तिचा चेहरा पडला. "अण्णा, यात माझ्या ड्रिलचं तेल आहे. मी रोज झोपताना सिरिंजने घालत होते. पातळी खाली गेलेली दिसायची, वाटलं कमी पडतंय."

"खाली गेलेली? अगं, मग सकाळी काठोकाठ कसं असायचं?"

दाराशी माई उभ्या होत्या. त्यांच्या एका हातात शिलाई मशीनच्या तेलाची कुपी होती, दुसऱ्या हातात प्लग.

"टेम्पो फाटकाशी वाजला, म्हणून हा लावायचा राहिला," त्या पुटपुटल्या. "रोज तुम्ही उठायच्या आत घालत होते मी."

म्हणजे इंजिन केव्हाच सुटलं होतं! पण तेलाने गच्च भरलेल्या, वरून प्लगचं बूच मारलेल्या इंजिनात पिस्टनने सरकायचं तरी कुठे?

"मी पातळी उतरेल म्हटलं होतं," कुंपणावरून वकिलांनी हात वर केले. "छतापर्यंत चढेल असं मी कुठेही म्हटलेलं नाही."

उरलेलं तेल किका मारून बाहेर काढलं, प्लग पुसून बसवला. दहा-बारा किकांनंतर गाडी एकदा खोकली, दोनदा शिंकली आणि मग धडधडायला लागली. धूर इतका झाला की वकील दिसेनासे झाले. अण्णा गाडी खोलीबाहेर घेऊन आले, अंगणातून फाटकापर्यंत आले, आणि त्यांना हसावं की रडावं कळेना.

"पण मला एक सांग," त्यांनी माईंना विचारलं, "तेल घालत होतीस, मग भंगारवाल्याला कशाला बोलावलंस?"

"तो येणार नसता तर तुम्ही ती चादर काढली असती का?" माई पदर खोचून मागे बसल्या. "चला आता." मग त्यांना तेलाने न्हालेला भंगारवाला दिसला. त्या बिचाऱ्याला रिकाम्या हाती परत पाठवायचं म्हणजे फारच वाईट. "अरे, असा जाऊ नकोस. व्हरांड्यात आरामखुर्ची आहे बघ, रिटायर झाल्यापासून हे तिच्यातून उठतच नाहीत. ती घेऊन जा!"

"अगं, माझी खुर्ची!" अण्णा ओरडले.

"काही ऐकू येत नाही!" माईंनी त्यांचा खांदा घट्ट धरला. "चालवा!"