'कोणालाही'मधला 'ही'

जेवणाच्या सुट्टीत धाकटीने डबा उघडायचा सोडून बँक उघडली. चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत, काचा घासायच्या यंत्रापाशी बसून तिने परदेशातून मायदेशातल्या आपल्या खात्यात शिरकाव केला, आईच्या विजेचं बिल शोधलं आणि 'भरा'वर बोट टेकवलं. पडद्यावर उत्तर आलं, आपल्या मोबाईलवर पाठवलेला आकडा टाका. खात्याला जोडलेला तिचा जुना मोबाईल समुद्रापलीकडे आईच्या स्वयंपाकघरात होता.

बिलाची आज शेवटची तारीख होती. पण प्रश्न नुसत्या बिलाचा नव्हता. आईने एकटीने राहू नये, घर विकून आपल्याकडे यावं, असा दादाचा हट्ट होता. "आईचं सगळं मी इथून बघेन," असं धाकटीने ठणकावून सांगितलं होतं. त्यावर दादा म्हणाला होता, "बघ की. एक बिल जरी चुकलं, तरी आई माझ्याकडे!"

तिने आईला फोन लावला. "आई, आकडा आला का?"

"आलाय. वाचते." आई मराठीच्या निवृत्त बाई. किराणा मालाची पावतीसुद्धा ती धडा वाचावा तशी वाचत असे. "'हा क्रमांक कोणालाही सांगू नका.'"

"बरं, मग क्रमांक काय आहे?"

"सांगू नका म्हटल्यावर कसा सांगणार?"

धाकटीने कपाळावर हात मारला. आतापर्यंत हे मेसेज इंग्रजीत यायचे आणि आई बाकीच्याकडे काणाडोळा करून नुसते आकडे सांगायची. आईला सोपं जावं म्हणून गेल्याच आठवड्यात धाकटीने ते मराठीत करून घेतले होते. स्वतःच्या हाताने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच.

"अगं, ते परक्यांसाठी असतं. मी तुझी मुलगी आहे!"

"'परक्यांना' असं लिहिलेलं नाही. 'कोणालाही' असं लिहिलंय. 'ही' लागला की त्यातून कोणी सुटत नाही. मुलगीही नाही."

"पण खातं माझं आहे ना!"

"हक्काने तर तो परवाचा माणूसही मागत होता. बँकेतून बोलतोय म्हणे. आकडा द्या, नाहीतर खातं बंद करू. असं फैलावर घेतलं त्याला!"

धाकटीने कॅमेरा सुरू केला. "हे बघ. ओळखलंस का?"

आईने चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ निरखलं. "दिसतेस तर तशीच. पण हल्ली तोंडंही खोटी बनवतात म्हणे. खरी असशील तर नीट जेवत जा, बारीक झालीयेस."

"आई, आकडे नको सांगूस. त्यांची बेरीज तरी सांग."

"बेरीज सांगणं हेही सांगणंच."

या शब्दच्छलात आकड्याची मुदत संपली. दुसरा मागवला, त्याचीही गत तीच. शेवटी चिडून धाकटीने मनानेच एक आकडा ठोकून दिला, तो चुकला म्हणून दुसरा, मग तिसरा, आणि बँकेने खात्याला टाळं लावलं. उद्या पुन्हा प्रयत्न करा म्हणे.

दादाच्या फ्लॅटमधल्या मागच्या खोलीत, कोणी चहा विचारायची वाट बघत बसलेली आई तिला दिसायला लागली. हे होऊ देणार नव्हते मी, असं वाटून तिला रडूच कोसळलं. तेवढ्यात फोन वाजला. दादा!

"काय, भरलंस का बिल?"

"नाही." तिने नाक पुसलं. "आई आकडाच सांगत नाही."

दादा चकित होऊन म्हणाला, "तुलाही नाही सांगितला?"

धाकटी बाईंचीच मुलगी होती. तिने कान टवकारले. "तुला*ही* म्हणजे? आणखी कोणाला नाही सांगितला?"

"म्हणजे... असंच, बोलायची पद्धत असते..."

"दादा! तो बँकेचा माणूस तू होतास?"

"अगं, परीक्षा घेत होतो. ती फसली असती, तर एकटीने राहणं धोक्याचं आहे हे तुलाही पटलं असतं." त्याचा आवाज पडला. "फसली नाही. उलट मलाच झापलं. चोरी करून पोट भरण्यापेक्षा आईला मदत कर म्हणाली."

धाकटीने ताडकन फोन ठेवला आणि पुन्हा आईला लावला. "आई, परवाचा तो चोर आपला दादा होता!"

"माहितीये. बँकेचा माणूस फोन ठेवताना 'जेवलीस का' असं विचारतो होय?"

धाकटीला हसू आवरेना. मग बिल आठवून ते विरलं. "पण बिल राहिलंच गं. आता तो..."

"ते सकाळीच भरलं मी. वीज कार्यालयात, खिडकीपाशी रांगेत उभी राहून. तुमच्या फोनवर दिसायला दोन दिवस लागतात म्हणे."

"अगं, मग मघाशी का नाही बोललीस?"

"तू आकडा विचारलास. बिलाचं कुठे विचारलंस?" आईचा आवाज एकदम वर्गातला झाला. "आणि ऐक. घर माझं, वीज माझी आणि पैज तुम्ही दोघं लावणार? मी कुठेही जाणार नाही. सांग तुझ्या दादाला."

"सांगते."

"आणि त्यातला 'ही' कळला नाही, तर म्हणावं मला फोन कर. स्वतःच्या आवाजात."