परत मागवलेलं वाण

खोक्यात एकवीस चांदण्या होत्या. वीस धड, एकीचं टोक वाकलेलं. प्रत्येक चांदणी तळहाताएवढी, काळपट-हिरव्या थराने झाकलेली, आणि पाठीमागे एक उभी बारीक नळी. चैत्रालीने हे सगळं नीट मोजलं. ती मटेरियल सायन्समध्ये पीएचडी करत होती आणि मोजल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

"नळी कशाला ते कळलं का?" वीणाकाकू विजयी मुद्रेने म्हणाल्या. "उदबत्तीला!"

काकूंच्या न्यू जर्सीतल्या एडिसन गावच्या घरी संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, आणि दरवर्षी तेच स्टीलचे डबे लुटून त्या कंटाळल्या होत्या. जुन्या वस्तूंच्या फ्ली मार्केटमध्ये एकजण हे खोकं 'बागेची शोभा' म्हणून विकत होता. काकूंनी ते अख्खं उचललं. त्र्यंबककाकांनी खालचे, जमिनीत रोवायचे लांब दांडे काढून चांदण्या लाकडी चकत्यांवर बसवल्या. काकूंनी कधीतरी भारतातून आणलेल्या सोनेरी रंगाचे दोन हात मारले आणि मधोमध एकेक कुंदन चिकटवलं.

"काकू, थराखाली अक्षरं आहेत बहुतेक."

"कंपनीचं नाव असेल गं."

वीस बायका वीस चांदण्या घेऊन, काकूंच्या कल्पकतेचं कौतुक करत घरी गेल्या. वाकडी, बिनरंगाची तेवढी उरली. ती चैत्रालीने देवाची भांडी घासतात तशी चिंचेच्या कोळाने घासली. अक्षरं वर आली : 'वेटरन', आणि खाली एका महायुद्धाचं नाव. फोनवर शोधल्यावर जितके फोटो निघाले, त्या सगळ्यांत गवत होतं, छोटा झेंडा होता आणि शेजारी थडगं होतं.

"काकू, ही सैनिकांच्या थडग्यापाशी लावतात. नळीत झेंडा खोवायचा असतो. कुणीतरी चोरून विकल्यात."

काकू गॅस बंद करून खाली बसल्या. "म्हणजे मी वीस सवाष्णींना स्मशानातलं वाण दिलं?"

"काटेकोरपणे बोलायचं तर, हो."

"आणि मी त्या चांदण्यांना ड्रिलने भोकं पाडली," काका पुटपुटले. मग म्हणाले, "मे महिन्यात सैनिकांच्या स्मृतिदिनाला घरची माणसं झेंडे घेऊन येतील. लावणार कुठे? सगळ्या परत गेल्या पाहिजेत."

"दिलेलं वाण परत मागतात का कुठे? आणि सुलेखाला खरं कळलं, तर अख्ख्या न्यू जर्सीत बोंब होईल!"

चैत्रालीने विचार केला. "इथे गाड्या परत मागवतात, पालेभाजी परत मागवतात. आपण वाण रिकॉल करू. मी खोटं लिहिणार नाही. 'रंगात शिसं असण्याची शक्यता नाकारता येत नाही,' एवढंच. न तपासलेल्या कुठल्याही रंगाबद्दल ते खरंच असतं."

ग्रुपवर मेसेज पडला आणि फोन वाजायला लागले. पहिला सुलेखाचा.

"वीणा, अगं माझी चांदणी ना, मी पुढे दिली. म्हणजे आवडली नाही असं नाही हं!"

"कुणाला दिलीस?"

"प्रीताला. माझ्या लेकीला काय, सगळंच अँटिक वाटतं. तिने ऑनलाइन लिस्ट केलीय, 'एन्शंट इंडियन टेंपल स्टार' म्हणून."

मागून प्रीताचा आवाज आला, "मॉम, इट ऑलरेडी सोल्ड!"

"कॅन्सल कर म्हणावं!" काकू ओरडल्या.

संध्याकाळपर्यंत कळलं की नऊ चांदण्यांनी घर बदललं होतं. थडग्यांच्या बातमीने बसला नव्हता एवढा धक्का काकूंना या आकड्याने बसला. "नऊजणींनी? माझं वाण?" त्या चारचारदा म्हणत राहिल्या. पण शिशाच्या भीतीने कामं भराभर झाली. प्रीताने ऑर्डर कॅन्सल केली, बाकीच्यांनी मैत्रिणींकडून आपापली चांदणी मागून आणली, आणि आठवडा संपायच्या आत विसाव्या कुंदनासकट सगळ्या काकूंच्या ओट्यावर आल्या.

चैत्रालीने रंग खरवडला, काकांनी दांडे पुन्हा बसवले. माजी सैनिकांच्या ऑफिसमधल्या म्हाताऱ्या गृहस्थाने प्रत्येक चांदणी हातात घेऊन वाचली.

"कुठे मिळाल्या?" त्याने विचारलं.

गाडीतून उतरणारच नाही म्हणालेल्या काकू काकांच्या मागून पुढे आल्या. "मी विकत घेतल्या," त्या इंग्रजीत म्हणाल्या, "आणि वाटल्यासुद्धा. आय ॲम व्हेरी सॉरी." मग त्यांनी विकणाऱ्याचं टोपीपासून ट्रकपर्यंत वर्णन सांगितलं. म्हाताऱ्याने ते लिहून घेतलं आणि काकूंशी हात मिळवला. काकूंनी चांदण्यांना नमस्कार केला.

सोमवारी चैत्रालीने खरवडलेला रंग लॅबमध्ये तपासला. शिसं : दहा लाख भागांत चार हजार शंभर. कायद्याची मर्यादा : नव्वद.