मानाचा पहिला नंबर

"म्हणजे जो आधी येईल त्याला नंबर? विनिता सकाळी येणार, पहिला नंबर घेऊन बसणार, आणि मी अध्यक्ष असून मागे?" हरिहररावांनी चष्मा काढला.

नौपाड्यातल्या त्या हौशी नाट्यसंस्थेच्या ऑफिसात चार कॉम्प्युटर आणि एक प्रिंटर एकाच नेटला जोडायचे होते. प्रत्येकाला वेगळा नंबर लागतो आणि तो राउटर आपोआप वाटतो, एवढं चिटणीस सलिलने बरोबर सांगितलं होतं. तिथेच तो थांबला असता तर बरं झालं असतं.

"आपोआप नकोच, काका," तो लगेच म्हणाला. "मी हाताने टाकतो ना. ज्येष्ठतेनुसार."

तसा ठराव झाला. अध्यक्षांना एक, चिटणिसांना दोन, खजिनदारांना तीन. ऑफिसातलं सगळं काम करणाऱ्या विनिताला चार. प्रिंटर सभासदच नव्हता, म्हणून तो शेवटी. अध्यक्षांचा एक नंबर टाकताना कॉम्प्युटरने बजावलं की हा आधीच वापरात आहे. खुद्द राउटरचाच होता तो! सलिलने ओके दाबून त्याचं तोंड बंद केलं. अशांच्या हाती माऊस देऊच नये.

आठवडाभर काही बिघडलं नाही, कारण आठवडाभर अध्यक्ष फिरकलेच नाहीत. ते उगवले एकांकिका स्पर्धेच्या अर्जाच्या शेवटच्या दिवशी. अर्ज पाचच्या आत ऑनलाइन जायला हवा होता. वर्षानुवर्षं पत्रं टाइप करून आणि तालमींना चहा पुरवून विनिताला यंदा पहिल्यांदाच मुख्य भूमिका मिळाली होती. अर्ज राहिला की भूमिकाही गेली.

"माझ्या देखत पाठवा," म्हणत हरिहररावांनी कॉम्प्युटर लावला, त्यावर पत्त्यांचा डाव मांडला, आणि सगळ्यांचं नेट गेलं.

सलिलने राउटर बंद-चालू केला. नेटवाल्याला फोनवर झापलं. हरिहरराव कंटाळून, वीज वाचवायला कॉम्प्युटर बंद करून, चहाला गेले आणि नेट आलं. विनिताने अर्धा अर्ज भरला. ते परतले, डाव मांडला, नेट पुन्हा गेलं. आता विनिताच्या डोक्यात प्रकाश पडला.

"सर, तुमचा कॉम्प्युटर लावला की नेट जातंय. तुमचा नि राउटरचा नंबर एकच पडलाय. आपोआपवर टाका ना सगळं!"

"माझ्यामुळे?" हरिहररावांचा आवाज चढला.

"ठराव झालेला आहे, विनिता," सलिल म्हणाला. "बदलायचा तर सभा लावायला पाहिजे. आठवड्याची नोटीस."

"अहो, पाचला बंद होतंय!"

"रूल इज रूल."

या दोघांपुढे बोलण्यात अर्थ नव्हता. विनिताने पेन खाली पाडलं, ते शोधायला अध्यक्षांच्या टेबलाखाली वाकली आणि त्यांच्या कॉम्प्युटरची नेटची वायर उपटली. नेट आलं. अर्ज गेला.

हरिहररावांनी पत्त्यांवरून नजरही हटवली नाही. "बघितलंस, सलिल? आपोआपवर सोडलं असतं तर गेला असता का?"

स्पर्धेत विनिताला अभिनयाचं बक्षीस मिळालं. सत्काराच्या भाषणात हरिहररावांनी त्याचं श्रेय ऑफिसातल्या नंबरांच्या शिस्तीला दिलं. ती वायर अजून टेबलाखाली लोंबकळते आहे. नेटबद्दल अध्यक्षांची आजवर एकही तक्रार आलेली नाही.