पांढऱ्या चिंधीचा पंप

सिद्रामप्पांच्या रानात शिरायचं असेल, तर आधी बांधावर उभं राहून पायजमा झाडावा लागतो. गवताचं बी आत येऊ नये म्हणून. मुरुमहून त्यांचे व्याही पहिल्यांदा आले, नवं धोतर नेसून, तर त्यांनाही बांधावरच थांबवलं. "पाव्हणं, वाईट वाटून घेऊ नका. तुमच्याकडं गाजरगवत लई हाय." व्याही भर उन्हात सोगा झटकत राहिले आणि चहा न घेता गेले.

मी त्यांचा बांधशेजारी. शाळेतून निवृत्त झाल्यापासून रोज त्यांच्या लिंबाखाली बसतो आणि रोज वैतागून उठतो. काहीही सांगायला जा, त्यांचं एकच, "गुरुजी, आधी पान उलटं करा." कीड पानाच्या मागं बसते हे मान्य. पण पुतणीचं लग्न ठरलं म्हणून मी पेढे घेऊन गेलो, तरी तेच? "मंडळी चांगली दिसायलीत. पर पान उलटं केलं का?" पेढासुद्धा उलटा करून खालून बघितला, मग खाल्ला.

त्यांच्याकडे फवारणीचे दोन पंप. तांबडी चिंधी बांधलेला तणनाशकाचा, पांढऱ्या चिंधीचा पिकावरच्या औषधाचा. दोघांना एका भिंतीलाही टांगत नाहीत. पांढरा पंप कुणी नेला, तर परत घेताना झाकण उघडून आत नाक घालतात. एकदा सरपंचांना ताटकळत ठेवून तीनदा वास घेतला आणि "अजून एकदा धुवा" म्हणून पंप त्यांच्याच हातात दिला. गाव हसायचं, पण पानावर ठिपका दिसला की त्यांच्याकडंच धावायचं.

तीन उन्हाळ्यांपूर्वी, पाडव्यानंतर, त्यांचा मूग फुलावर आला होता आणि त्यावर पांढरी माशी बसली होती. केवडा रोग पडलेली पिवळी रोपं ते एकेक उपटून पुरत होते. त्याच आठवड्यात मी माझ्या बांधावर तणनाशक मारायला काढलं. माझा पंप गळत होता, त्यांचा तांबडा कुणीतरी नेलेला. मी पांढरा नेला. कशासाठी, ते सांगितलं नाही. ऊन चढलं, कंटाळा आला; तळाशी राहिलेलं नीट ओतलंही नाही, एकदा पाणी फिरवलं आणि परत केला.

"धुतला नव्हं, गुरुजी?"

"सात पाण्यानं," मी म्हणालो.

त्यांनी झाकण उघडलं नाही. माझ्यासमोर तसाच खुंटीला लावला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्यातून निंबोळी अर्क फवारला. चार-पाच दिवसांत रस्त्याकडच्या मुगाचे शेंडे पिळवटले, पानं आखडली. जाणारे-येणारे थांबायचे.

"अप्पा, अर्क लई कडक केलाव का?"

"आता तुमीच करा की पान उलटं!"

सिद्रामप्पा मान खाली घालून म्हणाले, "माझाच हात चुकला." मी शेजारीच उभा होतो. जन्मभर पोरांना खरं बोलायला शिकवलं, आणि त्या दिवशी मी म्हणालो, "होतं असं कधीकधी."

त्यानंतर पान घेऊन त्यांच्याकडे कुणी येईना. लोक थेट दुकानात विचारून औषध आणू लागले. लिंबाखाली मी एकटाच.

यंदा मूग पुन्हा फुलावर आला आणि मला राहवेना. ते वाळलेल्या निंबोळ्या फोडत बसले होते. मी सगळं सांगून टाकलं.

"ठावं हाय," ते म्हणाले. निंबोळी फोडायची थांबली नाही. "बादलीत अर्क उरला होता. केरसुणीनं दुसऱ्या मुगावर शिंपडून बघितला. काय बी झालं न्हाय. म्हंजी पंपच."

मी भडकलोच. "मग गावात सांगितलं का नाही? तीन वर्षं लोकांचं हसणं कशापायी सोसलंत?"

"ओरडायलाव कशाला? म्या बोललो असतो, तर तुमी लाजंनं यायचं सोडलं असतं. कारभारीण गेल्यापासनं इथं बसाया दुसरं कोण येतंय?"

या माणसापुढं माफीसुद्धा धड मागता येत नाही. म्हणून लिहितो: मूग मी जाळला. अर्कात काही खोट नव्हती. हा कागद ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावणार, असं त्यांना सांगितलं.

"लावा की," ते म्हणाले. "पर लोकं हसले म्हणून उद्या यायचं चुकवू नका."