मामाला कोल्हा चावला!

"माझ्या हाताला गुण आहे!" सुतारकाकांनी छाती फुगवून जाहीर केलं आणि कुत्र्याचा रक्ताळलेला पाय सरळ मांडीवर ओढला.

कुत्र्याचं नाव मामा. मिशा थेट काकूंच्या भावासारख्या, म्हणून काकांनीच हौसेनं ठेवलेलं. काकांच्या सुतारकामाच्या कारखान्यामागच्या झुडपात मामा ऐटीत घुसला आणि लंगडत परतला. दात विचकत पळणारा कोल्हा काकांनी स्वतः पाहिला होता.

"अगं, खरचटलंय नुसतं! पट्टी बांधली की संध्याकाळी उड्या मारेल!"

"रानातल्या जनावराचा चावा आहे, अहो! पिसाळलेलं असलं तर?" काकूंनी फोन ओढला. घाईत तो लागला घरच्या डॉक्टरांना.

"डॉक्टर, आमच्या मामाला कोल्हा चावला हो!"

"बाप रे! शुद्धीवर आहेत ना?"

"आहे की! शेपूट हलवतोय!"

पलीकडे डॉक्टरांनी घसा खाकरला. मग अगदी हळू आवाजात, "काकू, तुम्ही आधी खाली बसा बघू."

उलगडा झाल्यावर डॉक्टर पोट धरून हसले, पण लगेच गंभीर झाले. "जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली चांगली पंधरा मिनिटं धुवा. हातमोजे घालून! मग तडक जनावरांच्या डॉक्टरांकडे. रेबीज लाळेतून पसरतो, आणि लक्षणं दिसल्यावर हातात काही उरत नाही!"

काकांची छाती पंक्चर झालेल्या चाकासारखी बसली. त्यांनी मामाला नळाखाली धरलं. मामाचा पाय भिजला, काका नखशिखान्त!

"आधीच्या लशी वेळेवर दिल्यात, म्हणून मोठा धोका टळेल," जनावरांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आज पुन्हा एक देते. जखम पिकू नये म्हणून गोळ्या. काही आठवडे घरातच ठेवा, नीट लक्ष ठेवा. होईल बरा!"

काकांचे डोळे भरून आले. मामानं इंजेक्शन घेताना हूं की चूं केलं नाही.

"काका, अंगठ्याला काय झालं?" बाईंनी विचारलं.

"सकाळी लाकूड तासताना पटाशी लागली."

"आणि याच हातानं जखम दाबलीत? हातमोजे?"

"ते... नंतर घातले."

"मग आता तुम्ही निघा तुमच्या डॉक्टरांकडे! तुम्हालाही इंजेक्शनं लागणार."

अर्ध्या तासानं घरच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात काकांनी अशी आरोळी ठोकली की बाहेर काकूंजवळ बसलेला मामा ताडकन उठून भुंकायला लागला.

"काका," डॉक्टर म्हणाले, "मी अजून फक्त कापूस फिरवलाय!"