ट्रेलरचे शेपूट हलण्याबाबत

जगातली प्रत्येक वस्तू थोडीफार हलते. ती किती हललेली चालेल हे ठरवण्यासाठी माणसाने कार्यालये काढली, आणि ती कार्यालये मात्र अजिबात हलू नयेत याची चोख व्यवस्था केली. संगमनेरच्या रविकांत जोर्वेकरांनी या व्यवस्थेत चौतीस वर्षे सेवा केली. ते कार्यालय अधीक्षक म्हणून निवृत्त झाले, तेव्हा निरोप समारंभात साहेबांनी सांगितले की जोर्वेकरांच्या टेबलावरून एकही कागद घाईघाईने पुढे गेला नाही. (टाळ्या.)

असा माणूस निवृत्तीनंतर कॅम्पिंग ट्रेलर बांधून घेईल असे कुणाला वाटले नव्हते. ट्रेलर म्हणजे चाकांवरची खोली. गाडीच्या मागे आकड्याला अडकवायची आणि हवी तिथे न्यायची. हट्ट सुमेधाताईंचा होता. लग्नाला एकतीस वर्षे झाली, भंडारदऱ्याचे काजवे सत्तरेक किलोमीटरवर, आणि त्यांनी ते अजून पाहिले नव्हते. दर वर्षी जून तोंडावर आला की काहीतरी निघायचे. कधी ऑडिट, कधी कुणाची मुंज, एकदा तर नुसतेच "बघू".

"अहो, यंदा काजवे बघायचेच," त्या म्हणाल्या होत्या. "आणि कुणा नातेवाइकाकडे उतरून, त्यांच्या पोळ्या लाटून नाही. आपल्या स्वतःच्या खोलीत राहून."

रविकांतरावांचा बायकोवर मनापासून जीव होता. म्हणून त्यांनी ताबडतोब फाइल उघडली.

ट्रेलर वास्तुशास्त्राप्रमाणे बांधला. चाकांवरच्या खोलीला दिशा नसतात, असा एक अडाणी समज आहे. तो रविकांतरावांचा पुतण्या सुश्रुत याने दूर केला. सुश्रुत वास्तुतज्ज्ञ आहे (मूळ शिक्षण : मोबाईल दुरुस्ती). भंडारदरा संगमनेरच्या पश्चिमेला, म्हणजे जाताना ट्रेलरचे तोंड पश्चिमेला, म्हणजे आग्नेय दिशा मागच्या डाव्या कोपऱ्यात. स्वयंपाकघर आग्नेयेलाच हवे. त्यामुळे ग्रॅनाइटचा ओटा, दोन सिलिंडर आणि पाण्याची टाकी असे सगळे त्या कोपऱ्यात गेले. येताना हेच स्वयंपाकघर वायव्येला जाते. पण तोवर खाऊन झालेले असते, हा मुद्दा ग्राह्य धरण्यात आला.

मेच्या शेवटच्या आठवड्यात अकोले रस्त्यावर चाचणी झाली. पन्नासच्या वेगाला ट्रेलरचे शेपूट हलू लागले. आधी हातभर, मग रस्ताभर. समोरून येणारा दूधवाला मोटारसायकल आणि कॅनसकट शेतात उतरला. (तो स्वखुशीने उतरला असावा, अशी फाइलमध्ये नोंद आहे.) परत येताना रविकांतरावांनी गाडी दुसऱ्या गिअरच्या वर नेली नाही. ही नोंद फाइलमध्ये नाही.

"बाबा, स्वे कंट्रोल बसवा," पुण्याहून जावई अवधूतने फोनवर सांगितले आणि अकरा व्हिडिओ पाठवले. स्वे कंट्रोल म्हणजे गाडी आणि ट्रेलर यांच्यात बसवायची एक दांडी. ट्रेलर डोलू लागला की ती त्याला आवरते. तेव्हा प्रश्न इतकाच होता की ती दांडी आपल्याला लागते की नाही. इतक्या लहान प्रश्नावर एकट्याने निर्णय घेणे रविकांतरावांना उद्धटपणाचे वाटले. त्यांनी समिती नेमली. अध्यक्ष स्वतः, सदस्य सुश्रुत, आणि तांत्रिक सदस्य म्हणून विज्ञानाचे निवृत्त शिक्षक कल्याण सर. सरांना सायकलही येत नाही, त्यामुळे त्यांचे मत पूर्णपणे निःपक्षपाती होते.

समितीने आठ दिवसांत त्रेचाळीस जणांची मते घेतली. दांडी हवी म्हणणारे एकोणीस, नको म्हणणारे अकरा. नऊ जणांनी "अ‍ॅव्हरेज किती देते?" असे विचारले. तिघांनी ओटा आग्नेयेला आहे ना, याची खात्री करून घेतली आणि मग चहाला थांबले. उरलेला एक होता गोरक्ष. तो बेलापूरचा. बावीस वर्षे ट्रॅक्टरमागे उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या लावून कारखान्यावर नेतो. त्रेचाळिसांत कशामागे काहीतरी ओढून नेलेला माणूस तोच.

गोरक्षने ट्रेलरभोवती एक फेरी मारली, मागचा कोपरा हाताने दाबून पाहिला आणि म्हणाला, "सायेब, मागं लई वजन झालंय. आकड्यावर भारच न्हाई, मंग शेपूट हलनार न्हाई तर काय? ह्यो वटा चाकाच्या फुडं घ्या, टाकी फुडं घ्या, अन् चाळीसच्या आत हाका. मंग दांडी लागती का न्हाई ते बघा. मागच्या वजनाला दांडी तरी काय करनार?"

फाइलमध्ये त्याच्या नावापुढे शेरा आहे : अनुभव ऊस. विषयाशी संबंध नाही.

तरीही समितीने न्यायबुद्धीने या सूचनेचाही विचार केला. ओटा डाव्या बाजूनेच पुढे सरकवला तर तो नैर्ऋत्येला जातो, आणि नैर्ऋत्येला चूल म्हणजे घरात भांडण, असे सुश्रुतने सांगितले. (सुमेधाताई आतून म्हणाल्या, "ते ओटा न हलवताही होईल.") दोन बैठका यावर गेल्या. सुमेधाताईंनी आठवण करून दिली की काजवे फार तर दहा-बारा जूनपर्यंत दिसतात. समितीने ही आठवण नोंदवून घेतली आणि काजव्यांना मुदतवाढ मिळू शकते का, याची चौकशी कल्याण सरांकडे सोपवली.

आठ जूनला सुश्रुतला तोडगा सुचला, आणि तो निर्दोष होता. ओटा पुढच्या उजव्या कोपऱ्यात न्यावा आणि सबंध प्रवास रिव्हर्समध्ये करावा. म्हणजे गाडीचे तोंड संगमनेरकडे, प्रवास भंडारदऱ्याकडे. वजनही पुढे आले, ओटाही आग्नेयेला राहिला. शिवाय मागे जाणाऱ्या गाडीचा वेग चाळीसच्या वर जात नाही, त्यामुळे गोरक्षची तिसरी अटही आपोआप पाळली जाते. कल्याण सरांनी मानेच्या प्रश्नाकडे लक्ष वेधले. तो गौण ठरला. दुसऱ्या दिवशी दुपारी ठराव लिहायला समिती दिवाणखान्यात बसली.

त्याच वेळी अंगणात गोरक्ष पाना फिरवत होता. त्याला सुमेधाताईंनी बोलावले होते. ऊस संपला होता, तो मोकळाच होता. बायको रुपालीला घेऊन आला. दोन तासांत ओटा, टाकी आणि सिलिंडर चाकांच्या पुढे आले, कुठल्या दिशेला ते कुणी पाहिले नाही. मग त्याने ट्रेलर रविकांतरावांच्याच गाडीला जोडला.

सुमेधाताई नवीन साडी नेसून दारात आल्या.

"अहो, निघतोय आम्ही. गोरक्ष गाडी चालवतोय. तुमची जागा त्याच्या शेजारी ठेवली आहे. येताय ना?"

रविकांतरावांना जायचे होते. अगदी मनातून जायचे होते. एकतीस वर्षांत त्यांनी काजव्यांचा विषय टाळला होता, बायकोला नव्हे. निदान त्यांचा तसा समज होता. त्यांनी पेन वर केले.

"दोन मिनिटं. ठराव होतोय."

त्या पंधरा मिनिटे गाडी सुरू ठेवून थांबल्या. मग गाडी गेली. खिडकीतून रविकांतरावांना ट्रेलरचा मागचा भाग वळणापर्यंत दिसला. तो सरळ चालला होता. ते बराच वेळ बघत राहिले. सुश्रुतने विचारले, "काका, 'सर्वानुमते' लिहू?" ते म्हणाले, "लिही."

सकाळी फोन आला.

"अहो, झाडच्या झाड उजळत होतं, विझत होतं," सुमेधाताई सांगत होत्या. "मला रडूच आलं. तुम्ही हवे होतात."

रविकांतरावांच्या मनात पुष्कळ होते. तोंडातून आले ते असे : "ट्रेलर हलला का?"

"बघितलं नाही," त्या म्हणाल्या. "मी पुढे बघत होते."

समिती बरखास्त झालेली नाही. पुढच्या मोसमासाठी तिचा विस्तार करायचे ठरले आहे. सदस्याने कुठेतरी जायचे मनाशी पक्के केलेले असावे, सोबत कुणाला न्यायचे तेही ठरलेले असावे, आणि त्या माणसाला "हे एवढं उरकू दे" असे किमान तीनदा सांगितलेले असावे, एवढीच पात्रता आहे. अर्ज मागवावे लागले नाहीत. वाचकहो, आपले नाव यादीत घेतलेले आहे. हरकत असल्यास त्या माणसाला विचारून कळवावे.